मडमाईची खोळ

माझी पोरगी आयर्लंडमध्ये नर्स आहे, हे मी बसमध्ये कुणाला आपणहून सांगत नाही. सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो, "मंग येती का न्हाई?" त्यामुळे हल्ली मी "बाहेर असती" एवढंच म्हणते आणि पुढच्या सीटवरचं तिकीट द्यायला सरकते. कंडक्टरच्या नोकरीत ही एक सोय आहे. नको असलेल्या प्रश्नापासून पुढं सरकायला कायम निमित्त मिळतं.

मी हिंगोली आगारात वाहक आहे. इतकी वर्षं उभ्यानं नोकरी केल्यामुळे असेल, मला बसवतच नाही. जेवताना एक डोळा ताटात आणि एक दारात. नवरा शेतकरी, स्वभावानं गार. हळद शिजवायची असो की पोरीला विमानतळावर सोडायचं असो, त्याचा आवाज चढत नाही की उतरत नाही. तो म्हणतो, "अगं टेक जरा, घर काई चालून राहिलं न्हाई." मी टेकते आणि लगेच उठून फोन बघते.

फोन बघायचा तो पोरीसाठी. ती गेली त्याला तीन वर्षं झाली होती. पहिल्या वर्षी रजा नव्हती. दुसऱ्या वर्षी कसली तरी परीक्षा होती. तिसऱ्या वर्षी तिनं कारण सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. 'ये' असं आपण म्हणायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. ज्याला यायचं तो येतो, ओढून आणलेल्या माणसाला काय अर्थ आहे, असं मी स्वतःला बजावायचे आणि दिवसभर आतल्या आत धुमसत राहायचे. पोरीवर रागावता येत नव्हतं, म्हणून मी तो राग एका म्हातारीवर काढत होते.

ही म्हातारी म्हणजे पोरीची घरमालकीण. समुद्राकाठच्या एका लहान गावात तिचं दुमजली घर आहे. वर पोरगी राहते, खाली ती एकटी. पोरगी तिला सकाळचा चहा करून देते, तिच्या गोळ्या डबीत भरून ठेवते, थंडीत तिच्या पायावर पांघरूण घालते. तिला मुगाची खिचडी खायला शिकवली म्हणून एकदा मला कौतुकानं सांगत होती. मला ते कौतुक गिळवलं नाही. माझ्या बीपीच्या गोळीची चौकशी फोनवरून, आणि त्या परक्या बाईची गोळी हातात नेऊन. मी म्हटलं, "चांगलं हाय, पुण्य लागंल." माझा सूर तिला कळला असणार, कारण तिनं लगेच विषय बदलला.

मग एका संध्याकाळी व्हिडिओ कॉल लागला तो थेट म्हातारीच्या स्वयंपाकघरातून. पोरीच्या खांद्याशेजारी एक पांढरं डोकं, नाकावर चष्मा, पुढ्यात मोठा टॅब. पोरगी उत्साहात होती.

"आई, आपल्या हिंगोलीत गोऱ्यांची छावणी होती का गं?"

"व्हती म्हणतात. काहून?"

तेव्हा मला सगळी हकीगत कळली. म्हातारी कित्येक वर्षांपासून तिचे पूर्वज शोधत होती. तिकडं म्हणे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या शिरगणतीची कागदपत्रं इंटरनेटवर टाकलेली असतात. कुठल्या गल्लीत, कुठल्या घरात, कोण कोण राहत होतं, कुणाला वाचता येत होतं, हे घरबसल्या बघता येतं. त्याहून जुनी बरीचशी कागदपत्रं मात्र एका मोठ्या आगीत जळाली. मग ही माणसं जमेल तिथून धागे जुळवतात. चर्चच्या वह्या, जहाजांच्या याद्या, पलटणींचे कागद.

म्हातारीच्या आजीची एक थोरली बहीण होती. तिनं एका सैनिकाशी लग्न केलं आणि त्याच्याबरोबर ती हिंदुस्थानात आली. सुरुवातीला तिची पत्रं आली, मग थांबली. तिची आई रोज पोस्टमनच्या वेळेला दारात उभी राहायची. पत्र नाही म्हटल्यावर आत जायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी. मरेपर्यंत तिचा हा नेम चालला. म्हातारीच्या आजीनं हे लहानपणी रोज पाहिलं होतं आणि नातीला सांगितलं होतं. म्हातारीनं मोठमोठ्या छावण्यांची दफनाची पुस्तकं टॅबवर चाळली आणि ती बहीण कुठंच सापडली नाही. आता अचानक एका पानावर ती निघाली. नाव तेच, नवऱ्याचं नाव तेच, ताप येऊन मरण, वय पोरीएवढंच. ठिकाण, हिंगोली.

पोरीनं त्या पानाचा फोटो पाठवला. पिवळा कागद, वळणदार अक्षर. मला त्यातलं एकच नाव वाचता आलं. बसस्थानकात घसा फोडून मी जे ओरडते, ते.

"आई, तिथं कबरीचा दगड असंल ना गं? जाऊन बघ ना. हिचं हृदय फार कमजोर झालंय. तिला एवढंच कळायचंय, की आजीची बहीण नेमकी कुठं हाय."

आणि मग, सहज बोलावं तशी म्हणाली, "विचार कर आई, ती माय रोज दारात उभी राहायची."

मी विचार करत होतेच. माझ्या पोटच्या पोरीच्या तोंडून मी हे ऐकत होते, आणि आपण काय बोलतोय याचा तिला पत्ता नव्हता. मला इतका संताप आला की मी नेटवर्क जातंय असं सांगून फोन ठेवला. नंतर मोरीत जाऊन भांडी घासली. नवरा म्हणाला, "घासलेलीच भांडी हायती ती."

राग आला तरी काम माझ्या डोक्यातून जाईना. सुटीच्या दिवशी मी गावाबाहेरच्या गोऱ्यांच्या जुन्या कबरस्तानाकडं गेले. काटेरी बाभळी, गुडघ्याएवढं गवत, मधेमधे कलंडलेले दगड. बऱ्याच दगडांवरची अक्षरं ऊन-पावसानं खाल्लेली. मी एकेका दगडावर हात फिरवून बघितला, फोटो काढले, पोरीला पाठवले. ती ते म्हातारीला मोठे करून दाखवायची. "न्हाई आई, ही न्हाई." पुढच्या सुटीला पुन्हा गेले. पुन्हा काही नाही.

अशाच एका फेरीत फोनवर पोरीनं विचारलं, "आई, आपल्या पणजीचं नाव काय होतं?" मला सांगता येईना. सध्या आमच्याकडंही गावोगाव लोक निजामाच्या काळातल्या नोंदी शोधत असतात, जातीच्या दाखल्यांसाठी. उर्दूतल्या, मोडीतल्या. पण त्यात सापडतो तो बाप, आजा, पणजा. बाई कुठून आली आणि कुठं गेली, याची नोंद कोण ठेवतो? माझंच नाव लग्नात बदललं. माहेरच्या नावानं हाक मारणारी आई गेली, आणि ते नावही तिच्याबरोबर गेलं. हे मी पोरीला सांगितलं.

मग मावशी भेटली. भेटली म्हणजे काय, ती मला आधीपासून माहीत होती. सेनगावच्या गाडीला, पुसेगावच्या बाजूला एक उजाड माळ लागतो. तिथं थांबा नाही, तरी बायका तिथं उतरायला मागतात. कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या पिशवीत हिरव्या बांगड्या. "मडमाईच्या माळावर थांबवा बाई." मी बेल मारायची, त्या उतरायच्या, गाडी पुढं. इतक्या वर्षांत मला कधी विचारावंसं वाटलं नाही. देवाला कोण विचारतं?

त्या दिवशी मात्र ते नाव कानात अडकलं. उतरणारी होती हीच मावशी, मेंढरं राखणाऱ्या घरातली, काठी टेकत चालणारी. मी विचारलं, "मावशी, ही मडमाई म्हंजी कोण वो?"

"मडम व्हती. गोरी. बाळातपणात मेली, परमुलखात. मंग देवी झाली."

ताप बाळंतपणातलाही असतो, माझ्या मनात आलं. ड्रायव्हर हॉर्न देत होता आणि मी दारात तशीच उभी. "मॅडम, डबल बेल देता, का देवीलाच गाडीत बसवून राहिले?" तो ओरडला. मी बेल मारली.

पुढच्या सुटीला मी माळावर गेले. बाभळीखाली एक उभा दगड, कमरेएवढा. खालपासून वरपर्यंत शेंदरानं मढवलेला. वर्षानुवर्षांचा लेप इतका जाड, की दगड कुठं संपतो आणि शेंदूर कुठं सुरू होतो ते कळत नव्हतं. तरी आकार दिसत होता. डोक्यावर पदर घेतलेली एक बाई, पुढं मडकं, त्यावर वाकलेली. वर चांदीचे डोळे बसवलेले. भोवती खण, फुटकी बांगडी, हळकुंडं, वाळलेले तांदूळ. कुणाची सून गर्भार राहिली की सातव्या महिन्यात इथं ओटी भरतात. जिचं माहेर लांब आहे, किंवा जिला माहेरच उरलेलं नाही, ती तर आवर्जून येते. मेंढी व्यायली की पहिला चीक मावशीच्या घरून येतो.

"खाली अक्षरं हायती का मावशी?"

"असत्याल. आमच्या आजसासूनं बी पायली न्हाईत."

"वाचायची व्हती. जरा खरडून बघावं का?"

मावशीनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी तिकीट न काढता बसलेली प्रवासी होते. "शेंदराची खोळ आपण काढायची नसती बाई. ती आपली आपण सोडती. सोडली की त्या दिवशी पाच सवाष्णी जेवू घालायच्या, जुनी खोळ पाण्यात सोडायची, अन् दिवस मावळायच्या आत नवा शेंदूर. तिला उघडी ठेवत न्हाईत."

"कधी सोडती?"

"तिचं तिला ठावं. तुमाला काहूनची घाई?"

घाई होती. माझी सगळी नोकरी घड्याळावर चालते. मी फोनवर पोरीला सांगितलं, पोरीनं म्हातारीला. म्हातारीचा चेहरा उजळला म्हणे. देवी झाली, हे ऐकून ती बराच वेळ रडली. नंतर रोज विचारायला लागली, आज निघाला का लेप, आज निघाला का. मग ती आठवडाभर दवाखान्यात होती. परत आली ती आणखी वाळून. "आई, ती वाट बघून राहिली," पोरगी म्हणायची. मी मनात म्हणायचे, बघू दे. वाट बघण्यात ती एकटी आहे का?

पण मलाही चैन पडेना. पौष गेला, माघ गेला. गाडी त्या माळावरून जाताना मी डाव्या खिडकीशी उभी राहायचे. बाभळीखाली लाल ठिपका. मावशी गाडीत चढली की माझं पहिलं वाक्य, "सुटली का?" आणि तिचं उत्तर, "न्हाई बाई. तिला तकलीफ देऊ नका."

फाल्गुनात मी एका सुटीला आगारातून डिझेलमध्ये भिजवलेला बोळा घेऊन निघाले. फक्त खालचा एक कोपरा पुसू, दोन अक्षरं दिसली तरी पुरे, असा माझा विचार. माळावर मावशी होतीच.

"पिशवीत काय हाय बाई?"

"पाण्याची बाटली."

"डिझेलचा वास येऊन राहिला."

"कंडक्टरला यायचाच की."

ती दगडाला पाठ टेकून बसली आणि मेंढरं सांभाळत राहिली. मी घुटमळले, बाभळीच्या शेंगा वेचल्या, आणि बोळा तसाच घेऊन घरी आले. नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "तुलाबी कुणीतरी थांबवणारं पायजेच व्हतं." मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

चैत्र तापला, वैशाख लागला. माळावरचे दगड उन्हानं तडकायला लागले. एका सकाळी सेनगावला गाडी लागलेली असताना एक बाई धावत आली. "मावशीनं निरोप दिलाय. मडमाईनं खोळ सोडली. दिवस मावळायच्या आत या म्हणाली."

माझी ड्यूटी दुपारपर्यंत होती. परतीच्या फेरीत माळ आला तेव्हा लांबून बायकांची गर्दी दिसली. मला तिथंच उडी मारावीशी वाटत होती. पण गाडी, तिकिटाचं मशीन, प्रवासी सोडून जाणार कुठं? हिंगोलीला पोचून हिशेब दिला, ड्रेसही न बदलता सेनगावची जीप धरली. त्या दिवशी जीपवाला प्रत्येक गावात माणसं कोंबत होता. आयुष्यात पहिल्यांदा मला प्रवाशाच्या जागी बसून कळलं, की लोक कंडक्टरवर का खेकसतात.

पोचले तेव्हा ऊन कलंडलं होतं. जेवणं झाली होती. एका परातीत दोघीजणी तेलात शेंदूर कालवत होत्या. खाली, पोत्यावर, जुनी खोळ पडलेली. जाड, काळपट लाल, आतून बाईच्या आकाराची. आणि मधे तो दगड, धुतलेला, राखाडी, उघडा. मी पहिल्यांदा तिचा चेहरा बघितला. चांदीच्या डोळ्यांच्या जागी आता तिचे स्वतःचे डोळे होते, मिटलेले. ती मडक्यावर वाकून रडत होती.

"वाचा बाई," मावशी म्हणाली. सगळ्या बायका जवळ सरकल्या.

मी गुडघे टेकले. माझं इंग्रजी बेताचं, पण अक्षरं खोल कोरलेली होती आणि शेंदरानं ती जपली होती. मी एकेक लावत गेले. पहिलं नाव लागलं. म्हातारीच्या आजीची बहीण नव्हती ती. कुणीच बाई नव्हती. एका गोऱ्या सार्जंटचं नाव होतं, वाटेवरच्या मुक्कामात मेलेल्या, आणि खाली लिहिलं होतं की सोबतच्या शिपायांनी हा दगड बसवला.

"काय लिवलंय?"

मी मावशीकडं बघितलं. खोटं बोलणं सोपं होतं. तिथं वाचणारं दुसरं कुणी नव्हतं. पण ती मला बोलावून उन्हात थांबली होती, परात तयार असून तिनं बायकांना थांबवलं होतं.

"मावशी, खाली बापईमाणूस हाय. पलटणीतला."

कुणीतरी हातातलं उलथणं खाली ठेवलं. मावशी दगडाकडं बघत राहिली. मग तिच्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं.

"बाप्या हाय व्हय? आन् इतक्या वर्सांच्या चोळ्या-बांगड्या गपगुमान घेतल्या मेल्यानं."

बायका फुटल्या. एकीला तर हसता हसता ठसका लागला. सातव्या महिन्यातली एक पोर पोट धरून हसत होती. मीही हसले, आणि हसता हसता माझे डोळे कधी भरले मला कळलं नाही. आता त्या म्हातारीला काय सांगू, एवढंच डोक्यात फिरत होतं.

"पर ही बाई कोण मंग?" दगडात कोरलेल्या आकृतीकडं मावशीनं काठी केली.

"ती खरी न्हाई मावशी. त्याच्यासाठी रडणारी म्हनून कोरलीय. त्याची आई धरा, न्हाईतर बायको."

मावशीनं परात पुढं ओढली. "मंग झालं की. आमी तिचीच वटी भरून राहिलो. मेलेल्याची कोण भरतं? आना शेंदूर."

आणि तिनं पहिला हात त्या वाकलेल्या डोक्यावरून फिरवला. मी घाईघाईनं फोटो काढले. दिवस मावळायच्या आत ती पुन्हा लाल झाली.

घरी येऊन मी फोन लावला. पोरगी आणि म्हातारी टॅबसमोर बसलेल्याच होत्या. म्हातारीनं केस विंचरले होते. तिच्या अंगावर ठेवणीतला वाटावा असा स्वेटर होता. मला ते बघवलं नाही, म्हणून मी सरळ सांगून टाकलं.

"तिला सांग, ही तिची न्हाई. हा एक सार्जंट हाय."

पोरीनं सांगितलं. मग हिरव्या बांगड्यांचंही सांगितलं. म्हातारी हसायला लागली. दाढीमिशीवाल्या सार्जंटला बांगड्या, खण, सातव्या महिन्याची ओटी. ती हसून हसून खोकली, पोरीनं पाणी दिलं. माझा तिच्यावरचा राग त्या हसण्यात कुठं गेला, मला सांगता येणार नाही. मग ती डोळे पुसून काहीतरी म्हणाली.

"आई, ती म्हणती, म्हंजी ती अजून हरवलेलीच हाय."

"व्हय," मी म्हटलं. "हरवलेलीच हाय. तिला सांग, मी सगळे दगड बघितले. तिच्या त्या पणजीसारखी मी बी रोज दारात उभी राहून बघून राहिले." इथं माझा आवाज फुटला आणि मी थांबले नाही. "आन् तुला सांगते. दुसऱ्याची मेलेली लेक शोधायला मला पाठवती, अन् माझी जिती लेक कुठं हाय? तुझी खोली कसली, तुझी खिडकी कुठल्या बाजूला, मी काई पायलं न्हाई. मी कधी म्हणले न्हाई, आज म्हणते. ये. मला बघायचंय तुला. बस्स."

नवरा दारात येऊन उभा राहिला. तिकडं पोरगी मान खाली घालून बसली होती. म्हातारीनं तिला विचारलं, काय म्हणाली?  म्हातारीनं पुन्हा विचारलं. मग पोरगी इंग्रजीत बोलायला लागली, तुटक तुटक. म्हातारी ऐकत होती आणि टॅबमधून माझ्याकडं बघत होती. नंतर ती पोरीशी बराच वेळ बोलली. हळू, पण मधे न थांबता.

"काय म्हणती?" मी विचारलं.

"काई न्हाई आई," पोरगी म्हणाली. "नंतर बोलते."

आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. दोन वेळा चुकीच्या गावाचं तिकीट दिलं. एका प्रवाशाला सुट्यावरून नको ते बोलले. उगाच बोलले पोरीला, आता फोन करायचीही बंद होईल, असं वाटायचं. आणि पुढच्याच थांब्याला वाटायचं, बोलले ते बरं झालं.

मग पुसेगावच्या थांब्यावर गाडी उभी असताना फोन वाजला. पोरीनं फोटो पाठवला होता. विमानाचं तिकीट. खाली एकच ओळ, "म्हातारीची काळजी शेजारीण घेणार हाय."

मी तिथंच, गाडीच्या पायरीवर उभी राहून ते तिकीट वाचलं. सवयच आहे ती. आधी नाव, मग तारीख, मग कुठून कुठं. आयर्लंड ते मुंबई. मी हसत होते की रडत होते, ड्रायव्हरला विचारायला पाहिजे. मग खालची ओळ वाचली. तिकीट दोन्ही बाजूंचं होतं. आणि त्यावर परतीचा प्रवास म्हणून जो लिहिला होता, तो मुंबईहून आयर्लंडला होता.

मी ती ओळ पुन्हा वाचली. वाहकाला एवढं कळतं. माणूस जिथून निघतो आणि जिथं परततो, ते त्याचं गाव.

"मॅडम, चलायचं का?" ड्रायव्हरनं विचारलं.

मागच्या सीटवर मावशी बसली होती. पिशवीत नारळ, एक खण. मी फोन खिशात टाकला, तिच्याजवळ गेले आणि म्हटलं, "मावशी, माझी लेक येऊन राहिली."

"किती दिस?"

"थोडे दिस," मी म्हटलं. "तिचं घर तिकडं हाय."

मावशीनं पिशवीतला खण काढून माझ्या हातात दिला. "मंग हा ठिवा. सार्जंटाला मी दुसरा आणते. तुमच्या लेकीची वटी भरून लावा, माघारी जाताना."

मी खण घेतला आणि डबल बेल मारली.